वर्गातले न्यायालय (लेखांक सातवा) : आरोपीच गुन्हा कबूल करतो तेव्हा

अहमदाबादचा 1922 सालचा खटला वर्गात उभा करताना अडचण पहिल्या पाच मिनिटांतच येते. राजद्रोहाचे आरोप वाचून होतात आणि मोहनदास करमचंद गांधी गुन्हा कबूल करून मोकळे होतात. ‘यंग इंडिया’चे मुद्रक शंकरलाल बँकरही तेच करतात. साक्षी आणि उलटतपासणीची तयारी करून आलेली मुले गोंधळतात. मागच्या लेखांकातला टिळकांचा खटला वर्गात घेतलेल्या एका शिक्षिकेने नेमके हेच विचारले आहे : मग वादच कशावर घालायचा? हा प्रश्न अख्खा लेखांक मागतो. त्यामुळे ठरलेला महाडच्या चवदार तळ्याचा दावा पुढच्या आठवड्यावर गेला आहे.

टिळकांनी 1908 मध्ये आरोप नाकारला होता. ‘केसरी’तल्या लेखांचा अर्थ काय, यावर ज्यूरीपुढे वाद झाला आणि सात विरुद्ध दोन असा कौल पडला. सत्याग्रही मात्र कायदा मोडल्याचे नाकारत नाही. तो शिक्षा मागून घेतो. म्हणून इथे वर्गाने दोष सिद्ध करत बसू नये, थेट शिक्षेची सुनावणी घ्यावी. प्रत्यक्षातही तसेच घडले. ॲडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांना कबुलीनंतरही पूर्ण खटला चालवायचा होता. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी ते मानले नाही. 18 मार्चला शाहीबागेच्या सर्किट हाउसमध्ये प्रश्न उरला तो एकच : शिक्षा किती?

राजद्रोहाचे कलम 124-अ फळ्यावर लिहावे. त्यात नुसत्या दंडापासून जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत सगळे बसत होते. मुलांना वाद घालायला एवढी मोकळी जागा फार थोड्या खटल्यांत मिळते.

सरकारी वकिलाची भूमिका वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला किंवा मुलीला द्यावी. ती बाजू लेचीपेची ठेवली की सगळा प्रयोग फुकट जातो. चौरीचौऱ्यात पोलिसांना जाळून मारल्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. स्ट्रँगमन यांनी मुंबईची दंगल, मलबारचा उठाव आणि चौरीचौरा या तिन्ही घटना पुढे केल्या : नेता अहिंसा शिकवतो, पण सरकारविषयी अप्रीतीही पसरवतो, मग रक्तपाताची जबाबदारी कोणाची? गांधींनी ती जबाबदारी नाकारली नाही. उलट, सोडून दिलेत तर पुन्हा हेच करीन, असे सांगितले. चौरीचौऱ्यानंतर ज्याने बारडोलीचा कायदेभंग स्वतः थांबवला, त्याच माणसाचे हे बोलणे आहे. इथे खटला थांबवून मुलांना बोलू द्यावे. तासातली दहा मिनिटे यात गेली तरी चालतील. इतिहास शिकायचा तो इथेच.

नियम एकच, पण कडक : 18 मार्च 1922 नंतरचे काही बोलायचे नाही. दांडी नाही, 1947 नाही.

ब्रूमफील्डना खलनायक करण्याचा मोह सगळ्याच वर्गांना होतो. तो आवरावा. कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या, नाहीतर जास्तीत जास्त शिक्षा द्या, असा पेच गांधींनी त्यांच्यापुढे टाकला होता. न्यायाधीश झालेल्या विद्यार्थ्याने आपली शिक्षा आणि तिची कारणे दहा ओळींत लिहून काढावीत; खरा निकाल त्यानंतरच वाचावा. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला घेतला. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांसाठी प्रत्येकी दोन, अशी सहा वर्षांची साधी कैद गांधींना झाली. सरकारला ती पुढे कमी करता आली तर आपल्याला आनंदच होईल, असेही ते म्हणाले. बँकरना एक वर्ष कैद आणि हजार रुपये दंड झाला. गांधी येरवड्यात गेले आणि ससून रुग्णालयातल्या आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर फेब्रुवारी 1924 मध्ये सुटले.

पुढच्या आठवड्यात मात्र महाड नक्की. चवदार तळ्याचा दावा दिवाणी आहे, तिथे आरोपीचा पिंजरा लागणार नाही. शिक्षकांनी वादी आणि प्रतिवादी अशा दोन बाजू आतापासूनच वाटून ठेवाव्यात.