स्पॅनिश भविष्यकाळाचे सहा प्रत्यय आणि कोर्लईचा एक ‘ल’

स्पॅनिशमधला वर्तमानकाळ शिकताना दमछाक होते; भविष्यकाळ त्यामानाने सोपा. नियमित क्रियापदाचं मूळ रूप तोडायचं नाही, थेट प्रत्यय लावायचा : ए, आस, आ, एमोस, एइस, आन.

‘बेबेर’ म्हणजे पिणे. त्यावरून :
मी पिईन – बेबेरे
तू पिशील – बेबेरास
तो/ती पिईल – बेबेरा
आम्ही पिऊ – बेबेरेमोस
तुम्ही प्याल – बेबेरेइस
ते पितील – बेबेरान

क्रियापदाच्या शेवटी ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ काहीही असो, प्रत्यय हेच. ‘अब्लार’चं (बोलणे) अब्लारे, ‘बिबिर’चं (राहणे) बिबिरे.

हे प्रत्यय म्हणजे लॅटिन ‘हाबेरे’ (जवळ असणे) या क्रियापदाची झिजलेली रूपं. आपल्या ‘मला प्यायचं आहे’सारखीच ही रचना. पोर्तुगीजमध्येही भविष्यकाळ असाच घडला.

रायगडमध्ये मात्र वेगळंच झालं. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते, तिथे कोर्लई आहे. पोर्तुगीजांची सत्ता तिथून १७४० मध्ये गेली. पण गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांची, पोर्तुगीजपासून घडलेली बोली टिकली. तिने सगळे प्रत्यय सोडून दिले. क्रियापदाआधी फक्त ‘ल’ येतो : ‘ल बेबे’. कर्ता मी असो, तू असो की ते, रूप एकच. हा ‘ल’ पोर्तुगीज ‘लोगो’वरून (लवकरच) आला.

ही बोली बोलणारे आता जेमतेम हजाराच्या आसपास आहेत आणि सगळ्यांना मराठीही येते. घरात मुलांशी ती बोलली जाईल तोवरच हा ‘ल’ टिकेल.