सेन्सर खरं सांगत होता

पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल सेडान पुण्यातल्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तिचा ऑक्सिजन सेन्सर कोरा करकरीत होता. आधीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड वाचला आणि सेन्सर बदलून दिला. काही दिवसांत चेक इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा लागला. सिग्नलला गाडी थरथरायची, हायवेवर मात्र छान पळायची.

इथल्या मिस्त्रींनी मालकाकडून हेच आधी नीट विचारून घेतलं. अर्धं निदान त्यातच होतं.

कोडमधला 'पी' इंजिन-गिअरबॉक्सकडे बोट दाखवतो आणि पुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ही पद्धत सक्तीची झाली. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन उरतोय असं सेन्सरने कळवलं की संगणक पेट्रोल वाढवत नेतो आणि ही वाढ मर्यादेबाहेर गेली की दिवा लावतो. हवा जादा येतेय की पेट्रोल कमी पडतंय, हे कोड सांगत नाही. ते माणसानेच शोधायचं.

म्हणून मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम', म्हणजे पेट्रोलमधल्या या वाढीचा आकडा, उघडलं. आयडलिंगला संगणक २२ टक्के जादा पेट्रोल देत होता. रेस २५०० आरपीएमवर धरली, तसा आकडा ५ टक्क्यांवर उतरला. पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर रेस वाढवल्यावर आकडा चढला असता. इथे उलटं घडलं. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ आहे. थ्रॉटलच्या पुढे फटीतून शिरलेली हवा त्याला दिसतच नाही. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, आत निर्वात जोरदार असतो, आणि एकूण थोड्या हवेत या चोरट्या हवेचा वाटा मोठा होतो. रेस दिली की तोच वाटा नगण्य ठरतो.

काही जण अशी फट शोधायला चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते धोक्याचं आहे. इथे इंजिन बंद करून मॅनिफोल्डमध्ये यंत्राने धूर सोडला. वरून सगळं ठीक दिसत होतं. बॅटरी टॉर्च खाली धरल्यावर इंजिनच्या ब्रीदर नळीच्या वळणातून, अगदी खालच्या बाजूने, धुराची रेघ निघाली. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन तडकलं होतं.

नळी बदलली, ट्रिम २ टक्क्यांवर आलं, मगच कोड पुसला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली, तर दिवा लागला त्या क्षणाचा वेग, तापमान, लोड हा सारा पुरावा जातो.

गॅरेजमध्ये कुणी नुसता कोड वाचून पार्ट बदलायला सांगितलं, तर आयडलिंगचं आणि २५०० आरपीएमचं ट्रिम दाखवायला जरूर सांगा.