आज तारीख कोणती?

कार्तिकात भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या गावात मुक्काम पडला की पहाटे जाग येते ती काकड्याच्या टाळांनी. संध्याकाळी त्याच देवळात हरिपाठ. म्हणणारा आज खुशीत आहे की कालच त्याचा बैल गेलाय, हे हरिपाठ विचारत नाही. नेम तो नेम. त्यामुळे अँग्लिकन पंथाचं १६६२ सालचं प्रार्थनापुस्तक चाळताना मी थबकलो. इथेही सकाळ-संध्याकाळ, रोज. आणि म्हणायचं काय, ते तुमच्या मनावर नाही, तारखेवर!

बायबलात एकूण १५० स्तोत्रं. या पुस्तकाने ती महिन्याच्या ३० दिवसांत वाटून टाकली आहेत, सकाळचा वाटा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. १ तारखेच्या सकाळी पहिली पाच, ३० तारखेच्या संध्याकाळी शेवटची चार. सगळ्यांत लांब ११९वं स्तोत्र. त्याच्या १७६ ओव्या (ओव्या म्हणजे आपलं म्हणायचं) हिब्रू मुळाक्षरांनुसार २२ कडव्यांत लावलेल्या, एका बैठकीत आवरण्यासारखं प्रकरण नव्हे. म्हणून ते २४च्या संध्याकाळी सुरू होतं आणि २६च्या संध्याकाळी संपतं. महिना ३१चा असेल तर ३०चीच स्तोत्रं पुन्हा म्हणायची.

मला सगळ्यांत आवडली ती १९ तारीख. ९५वं स्तोत्र म्हणजे या उपासनेची भूपाळीच. ‘चला, गाऊ या’ अशा भावाचं. ईस्टरचा अपवाद सोडला तर ते रोज सकाळी आरंभी येतं. पण १९ तारखेच्या वाट्यातच नेमकं ९५वं पडतं. मग त्या दिवशी ते आरंभी गाळायचं आणि त्याच्या जागी ओघात म्हणायचं. एकच स्तोत्र एका सकाळी दोनदा नको, एवढी बारीक काळजी कुणीतरी चारेकशे वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेली!

मुळात हा वारसा मठांचा. साधू मध्यरात्रीपासून रात्रीपर्यंत सात-आठ वेळा प्रार्थनेला जमत. पोटापाण्याच्या मागे लागलेल्याला ते कसं जमायचं? आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी १५४९च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकात त्या सगळ्याचा आटीव अर्क काढला, दोन वेळांचा, आणि तोही लॅटिन सोडून लोकांच्या इंग्रजीत. १६६२च्या पुस्तकाचा दंडक असा, की पाळकाने दोन्ही वेळच्या प्रार्थना म्हणायच्याच, आजारपण किंवा तसंच काही निकडीचं असेल तर सूट. तो गावात असेल तर आधी घंटा वाजवून चर्चमध्ये म्हणायच्या. कोणी येवो न येवो. जॉर्ज हर्बर्ट हे कवी १६३०पासून सॉल्झबरीजवळच्या बेमर्टनला पाळक होते. त्यांच्या घंटेसरशी शेतकरी नांगर थांबवत, असं त्यांचे चरित्रकार आयझॅक वॉल्टन यांनी लिहून ठेवलंय. तोरण्याच्या पायथ्याशी भाताची खाचरं करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

भोरहून एसटीने स्वारगेटला उतरून पेठांच्या बाजूला चालत गेलं, की गुरुवार पेठेत (जुनी वेताळ पेठ) पंचहौदचं चर्च लागतं. नाव पवित्र नामाचं, ओळख पाच हौदांची. १८८५ साली अर्पण झालेलं, उंच मनोऱ्याचं. आपल्याला पंचहौद आठवतो तो मिशनऱ्यांकडच्या १८९०च्या चहासाठी, टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेणाऱ्या. पण ज्यांच्या अंगणात तो चहा झाला, ते इंग्लंडातल्या काउलीचे फादर अँग्लिकन व्रतस्थ साधू होते आणि तारखेची ही स्तोत्रं त्यांच्या दिनक्रमाचाच भाग होती. इंग्लंडातल्याच वाँटेजच्या सिस्टर्स १८७७मध्ये पुण्यात आल्या होत्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो याच सिस्टर्सच्या वाँटेजला, १८८३ साली.

आणि नीळकंठशास्त्री गोरे! १८२५चा जन्म, काशीतलं शास्त्राध्ययन, १८४८मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे अँग्लिकन पाळक आणि काही काळ काउलीकरांकडे उमेदवार. संध्या सोडून आलेल्या या चित्पावनाच्या गळ्यात पुन्हा सकाळ-संध्याकाळचा नेम पडला, याची मला गंमत वाटते. त्यांना बहुधा वाटली नसावी. ज्याचं बालपण आन्हिकात गेलं त्याला हे जडच नव्हतं.

नेमाच्या याच वाटेवर अँग्लिकन पाळक फादर जॅक विन्स्लो यांनी १९२२मध्ये अहमदनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघ काढला; पुढे तो पुण्यात आला. साधी राहणी, खादी आणि आश्रमाचा ठरला दिनक्रम. १९७०च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा इथले अँग्लिकन इतर पंथांबरोबर त्यात मिसळले.

स्तोत्रांच्या वाटणीत राहता राहिला फेब्रुवारी. त्याची सोय क्रॅन्मर यांच्या वारसांनी केलेली नाही. २८ किंवा २९, जिथे महिना संपेल तिथे स्तोत्रं सोडून द्यायची. शेवटचं १५०वं, झांजा-वीणांच्या गजराचं, त्या महिन्यात वाट्यालाच येत नाही. साध्या वर्षात फेब्रुवारीची अखेरची संध्याकाळ असते १३६ ते १३८ या स्तोत्रांची. त्यातलं मधलं बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं. त्यांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी मार्चची १ तारीख, म्हणजे पुन्हा पहिलं स्तोत्र.