भुरीवर दुधाची फवारणी

दुधीच्या पानांवर पांढरी पूड धरली आहे, दूध फवारून जाईल का, असं एका वाचकानं विचारलं आहे. रोग भुरीच असेल आणि नुकताच दिसू लागला असेल, तर आटोक्यात येईल. करपा, केवडा, मर अशा सगळ्या रोगांवर दूध रामबाण असल्याचे जे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांना मात्र आधार नाही.

दूध भुरीवरच का चालतं? या बुरशीचा सारा संसार पानाच्या पाठीवर असतो. झाडावर पसरलेल्या अमरवेलीसारखी ती वरच पसरते, खाली फक्त शोषकं खुपसते आणि पेशींतला रस ओढते. भिंगातून पाहिलं तर त्या पुडीत बीजाणूंच्या उभ्या माळा दिसतात. बुरशी अशी वरच असल्यानं फवाऱ्याचा थेंब थेट तिच्या अंगावर पडतो. केवड्याचे तंतू पानाच्या आत वाढतात. तिथवर दूध पोचणार कसं?

या उपायाला प्रयोगाचा पाया दिला तो ब्राझीलच्या वॅग्नर बेत्तिओल यांनी, आणि त्यांचं नाव दुधाच्या फवारणीबरोबर घेतलंच पाहिजे. भोपळ्याच्या कुळातल्या झुकिनीवर हरितगृहात त्यांनी ५ ते ५० टक्के ताजं गाईचं दूध आठवड्यातून एकदा-दोनदा फवारलं आणि शेजारीच बेनोमिल, फेनारिमॉल ही बुरशीनाशकं ठेवली. दुधाचं प्रमाण वाढलं तसा रोग घटला; जास्त प्रमाणातलं दूध तर त्या औषधांहून सरस ठरलं. १९९९ साली हे निष्कर्ष छापून आले. घरगुती उपायाला बाजारातल्या औषधासमोर असं उभं करायला हिंमत लागते!

पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या पीटर क्रिस्प आणि सहकाऱ्यांनी द्राक्षाच्या भुरीवर काम केलं. दूध फवारल्यावर २४ तासांच्या आत बुरशीचे तंतू कोलमडलेले दिसले. उजेडात दुधातल्या घटकांपासून ऑक्सिजनचे मुक्त मूलक तयार होतात आणि ते बुरशीला मारतात, असं त्यांना आढळलं. दुधातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिनही बीजाणू फोडतं.

तेव्हा फवारणी सकाळी, ऊन पडणार असेल त्या दिवशी करावी. एक भाग दूध, नऊ भाग पाणी. पानं दोन्ही बाजूंनी भिजली पाहिजेत आणि आठवड्यानं पुन्हा फवारलं पाहिजे. दूध फार दाट झालं तर पानांवर दुसरीच, निरुपद्रवी बुरशी वाढते. परसातल्या वेलाला हे परवडतं. द्राक्षबागेत २०० लिटरच्या टाकीला २० लिटर दूध लागेल, तिथे पनीर करताना उरणारं पाणी वापरून पाहण्यासारखं आहे. त्याच्या चाचण्याही बेत्तिओल यांनी काकडी आणि झुकिनीवर घेतल्या आहेत.