काटा अडतो तेव्हा

ऑपरेशननंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात फोन येतो. आवाज दबका असतो, घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ‘मॅडम, वजन अडकलंय.’ बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांच्या, विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवते, असं होणार आहे. तरी फोन येतोच. नातेवाईक नको नको म्हणत असताना, साठवलेले पैसे मोडून, जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकायला जो माणूस तयार झाला, त्याचा काटा चार दिवस हलला नाही की त्याला पहिली शंका येते ती स्वतःबद्दल. ‘माझंच काहीतरी चुकतंय.’

चुकत काही नसतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ऑपरेशननंतर नुसत्या पातळ आहारावर हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि काटा भराभर उतरतो. मग शरीर थोडं सावरतं, थोडं पाणी परत धरतं. चरबी तेव्हाही जातच असते, फक्त काट्यावर ती दिसत नाही. हे समजावून फोन ठेवला की एखादीचा लगेच पुढचा प्रश्न मेसेजवर येतो: ‘माझ्याबरोबर ज्यांचं झालं त्यांचं कसं उतरतंय?’ शेजारच्या खोलीतले ते काका तिच्यापेक्षा बरेच जास्त वजनाचे होते आणि पुरुष होते. दोघांचा वेग सारखा असणार नाही, हे तिला पटवायला अख्खी संध्याकाळ जाते.

आमच्या ओपीडीतला काटा रुंद आणि दणकट आहे. घरचे बरेच काटे 150 किलोंवर थांबतात, म्हणून इथे येणाऱ्या काहींनी आपलं वजन शेवटचं भंगारवाल्याकडे किंवा धान्याच्या गोदामात केलेलं असतं. या काट्यावर चढण्याआधी लोक काय काय उतरवतात ते पाहिलं की पोटात तुटतं. मोबाइल, पट्टा, बांगड्या, ओढणी. एक काकू तर कानातल्या कुड्यासुद्धा काढून पर्समध्ये ठेवायच्या. या माणसांना आयुष्यभर त्या आकड्यावरूनच जोखलं गेलंय.

एसटीचे एक ड्रायव्हर होते. (ओळख पटू नये म्हणून इथले सगळेच तपशील थोडे बदलले आहेत.) सहाव्या महिन्यात त्यांचं वजन कित्येक आठवडे तिथंच थांबलं. ते खट्टू होऊन निघाले होते, तेवढ्यात आमच्या सिस्टर म्हणाल्या, ‘काका, थांबा, टेप लावू.’ कंबरेचा घेर मागच्या वेळेपेक्षा चांगलाच उतरला होता. व्यायामानं स्नायू टिकले होते आणि चरबी गेली होती. मग तेच सांगू लागले, की पूर्वी स्टिअरिंग पोटाला घासायचं, सीट मागे घ्यावी तर क्लचपर्यंत पाय पुरायचा नाही. मधुमेहाच्या गोळ्याही अर्ध्यावर आल्या होत्या. हे सगळं त्यांनी त्या दिवसापर्यंत एकदाही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून काट्याशेजारी शिंप्याची टेप टांगलेली असते.

वर्ष-दीड वर्षानं येणारं थांबणं मात्र वेगळं. 130 किलोंचं शरीर जिना चढायला जेवढी शक्ती खर्च करतं, तेवढी 90 किलोंचं करत नाही. शिवाय वजन उतरलं की शरीर हिशेबापेक्षाही जास्त काटकसर करतं. जेवण तेच राहिलं तरी कधीतरी जमा आणि खर्च सारखे होतात. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात जठराचं बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं होतं. 10 वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर होती. म्हणजे थोडं परत आलं, पण बहुतांश गेलेलंच राहिलं. हा आकडा मी प्रत्येकाला दाखवते. ज्याला शेवट कुठे आहे ते माहीत असतं, तो मधल्या थांब्याला एवढा घाबरत नाही.

अर्थात शोधण्यासारखंही काही असतं. एका शिक्षिकेची डायरी चोख होती. सकाळी मूग, दुपारी पनीर, जेवताना पाणी नाही. पण श्रावणापासून काटा थांबला. डायरीत उपवासाचे दिवस कोरे होते. विचारल्यावर म्हणाल्या, ‘उपवासाला काय लिहायचं ताई? दोन-चार घास खिचडी.’ साबुदाण्याची खिचडी मऊ आणि तुपाळ असते, स्लीव्ह केलेल्या, म्हणजे कापून अरुंद केलेल्या, जठरातून अलगद उतरते. त्यामुळे दोन घासांनंतर तासाभरानं पुन्हा दोन घास जातात. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, म्हणून भूकही लवकर लागते. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि येता-जाता तोंडात टाकलेलं फरसाण हेच करतं. मी त्यांना उपवास सोडा म्हटलं नाही. त्यांची श्रद्धा हा माझ्या तक्त्यात खोडायचा विषय नाही. दही, दूध, पनीर, थोडे शेंगदाणे, राजगिरा असा उपवासाचाच तक्ता बसवला. आता तो आषाढी एकादशीच्या आधीच सगळ्यांना जातो.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती न येणाऱ्यांची. वजन उतरत असतं तोवर माणसं पेढे घेऊन येतात. अडलं की फॉलोअपची तारीख चुकते, फोन उचलला जात नाही. एक तरुणी अशीच दिसेनाशी झाली होती. आमच्या समन्वयक मुलीनं शेवटी निरोप ठेवला, ‘ताई, वजन करणार नाही, फक्त या.’ ती आली तेव्हा चेहरा पांढुरका, जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन आणि बी-12 दोन्ही खाली गेलं होतं. काट्याला घाबरून तिनं दवाखाना टाळला आणि दवाखान्याबरोबर जीवनसत्त्वांच्या-खनिजांच्या गोळ्याही सुटल्या. या ऑपरेशननंतर त्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. ‘तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत आणि मी वाया घालवलं,’ म्हणून ती रडली. सर्जन सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. म्हणाले, ‘आजार परत डोकं वर काढतो तेव्हा आपण रुग्णाला दोष देतो का? औषध बघतो.’

मग खरोखरच बघितलं. थायरॉइड, चालू औषधं (इन्सुलिन, स्टेरॉइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं), झोप, पाळी, जठराची एंडोस्कोपी. मानसोपचारतज्ज्ञांशी स्वतंत्र भेट. 2025 पासून भारतात टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं मिळू लागल्यामुळे आमच्या बैठकीत त्यांचीही चर्चा होते. ऑपरेशन झालेल्यानं इंजेक्शन घेणं म्हणजे हरणं, असं मानणाऱ्यांशी मी वाद घालते आणि घालत राहीन. रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू झाली तर कुणी हरलं म्हणत नाही.

त्या तरुणीच्या भेटीनंतर आम्ही ओपीडीचा क्रम बदलला. पूर्वी पेशंट दारातून आला की थेट काट्यावर. आता आधी बसायचं, पाणी प्यायचं. गोळ्या, झोप, जेवण, चालणं, घरी काय चाललंय हे सगळं विचारून झाल्यावर शेवटी वजन, आणि आकडा बघायचा नसेल तर पाठ करून उभं राहायची मुभा. ती तरुणी पुढचे काही महिने पाठ करूनच उभी राहिली. आम्हीही तो आकडा तिला न सांगता फाइलमध्ये लिहीत गेलो.