होडीवरच जपा मासळीचा ताजेपणा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर परिसरात आपण तलावात किंवा नदीत होडीने मासेमारी करत असाल, तर मासळीचा भाव जाळे उचलल्यानंतरच्या पहिल्या तासातच ठरतो. मासा मेला की कल्ले, आतडी आणि कातडीवरील जिवाणू झपाट्याने वाढतात. ० अंश सेल्सिअसजवळ ही वाढ मंदावते.

होडीवर घ्यायची काळजी

- मासे लगेच सावलीत घ्यावेत. आपटू किंवा तुडवू नयेत. जखमेतून कुज लवकर सुरू होते.
- धुण्यासाठी स्वच्छ पाणी सोबत न्यावे. वालधुनी नदीत कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी मिसळते. ते पाणी मासे धुण्यास किंवा बर्फासाठी वापरू नये.
- रोहू, कटलासारख्या मोठ्या माशांचे कल्ले व आतडी काढून पोट धुवावे.
- पेटीत तळाशी बर्फाचा चुरा, त्यावर मासे, पुन्हा बर्फ असे थर द्यावेत.
- वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी पेटीला छिद्र ठेवावे.
- पाण्यावर मरून तरंगणारे मासे विक्रीसाठी घेऊ नयेत.
- फॉर्मेलिन कधीही वापरू नये. ते आरोग्यास घातक आहे.

बर्फ किती लागेल?

१ किलो मासा ३० अंशांवरून ० अंशावर आणण्यातच सुमारे एक तृतीयांश किलो बर्फ वितळतो. बाहेरची उष्णता वेगळीच. म्हणून उन्हाळ्यात मासळीइतकाच बर्फ घ्यावा.

बर्फ निघतानाच होडीत न्यावा. काठावर आल्यावर बर्फ घातला, तरी गेलेला ताजेपणा परत येत नाही.