सिझेरियननंतर घरी: काय पाळावे, काय सोडावे आणि दवाखान्यात कधी निघावे

सिझेरियन हे बाळंतपण तर आहेच, पण ती पोटाची मोठी शस्त्रक्रियाही आहे. घरी आल्यावर बाळंतपणाचे सगळे लक्षात राहते, शस्त्रक्रियेचे मात्र विसरले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात चारपैकी साधारण एक बाळंतपण सिझेरियनने होते. त्यामुळे ही माहिती बहुतेक घरांना कधी ना कधी लागणारच.

भोर-वेल्ह्याची (वेल्हे तालुका आता राजगड) एक वेगळी अडचण आहे. ऑपरेशन पुण्यात किंवा भोरला होते, पण पुढचा सवा महिना माहेरी जातो. माहेर भाटघर किंवा पानशेतच्या पाण्यापलीकडच्या वाडीत असेल, हिर्डस मावळात असेल, नाहीतर तोरण्याच्या पायथ्याशी. तिथून रात्री निघायचे तर मोठ्या दवाखान्यात पोहोचायला तास-दोन तास सहज जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणून धोक्याची लक्षणे आधीच माहीत असणे आपल्याकडे जास्त गरजेचे आहे.

दवाखान्यातून निघताना

डिस्चार्ज कार्ड मागून घ्या आणि नीट जपून ठेवा. सिझेरियन का झाले, रक्त किती गेले, टाके काढायचे आहेत की विरघळणारे आहेत, हे त्यावर लिहिलेले असते. पुढच्या बाळंतपणातही हे कार्ड लागेल. सरकारी रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर घरी सोडायला मोफत गाडी मिळते, ती मागा. टाके ओले असताना दुचाकीवर बसून येऊ नका.

विश्रांती म्हणजे पडून राहणे नाही

बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. सतत पडून राहिल्यास पायाच्या शिरांत गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. म्हणून पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा थोडे चाला. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, हाताने रेटा द्या आणि मग बसा. खोकताना किंवा हसताना टाक्यांवर उशी दाबून धरा.

सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. भरलेला हंडा दहा-पंधरा किलोचा असतो. पाणी भरणे, सरपण आणणे, भाताची लावणी ही कामे या काळात घरातल्या इतरांनी करायची आहेत. वरून टाके सुकलेले दिसले तरी आतले थर भरून यायला वेळ लागतो.

वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशा घ्या. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. दुखणे सोसत बसलेली आई चालत नाही आणि तिला बाळाला नीट घेताही येत नाही.

टाक्यांची काळजी

जखम स्वच्छ आणि कोरडी ठेवा. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज अंघोळ करा. नंतर स्वच्छ फडक्याने जखम टिपून घ्या, चोळू नका. टाक्यांवर हळद, तेल किंवा राख लावू नका. पोट सुटलेले असेल तर घडीत घाम साठतो, तिथे विशेष लक्ष द्या.

जुन्या पद्धतींचे काय?

ठेवाव्यात अशा पद्धती पुष्कळ आहेत. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, नाचणीची भाकरी, गरम भात, वरण हे सगळे चालते. सोबत पालेभाजी, फळे, अंडी आणि भरपूर पाणीही हवे. पाणी कमी प्यायल्याने टाके लवकर सुकत नाहीत, उलट शौचाला कडक होते आणि कुंथताना टाके दुखतात. हातापायांना आणि पाठीला हलकी मालिश चालेल. जखम पूर्ण भरेपर्यंत पोटाला मात्र नाही. एक पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

पोट बांधल्याने चालताना आधार वाटत असेल तर सैल पट्टा चालेल. पण त्याने पोट आत जात नाही, आणि घट्ट बांधल्यास श्वासाला त्रास होतो.

बंद खोलीत बाजेखाली शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी मात्र सोडाच. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू विषारी असतो, आणि धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो. ऊब हवी असेल तर बाळाला टोपी-मोजे घाला आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवून वरून गोधडी पांघरा.

बाळाचे दूध

सिझेरियननंतर दूध भरून यायला एखादा दिवस उशीर होऊ शकतो. याचा अर्थ दूध येणार नाही असा नाही. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला बगलेखाली धरून त्याचे पाय मागच्या बाजूला ठेवा. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसातून सहा वेळा लघवी होत असेल तर दूध पुरते आहे असे समजा. सहा महिने पाणी, मध, गुटी, गुळाचे पाणी काही देऊ नका. नाळेवर काही लावू नका, कानात-नाकात तेल घालू नका.

आशाताई ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या सुमारास घरी येतात. बाळाचे वजन, ताप, श्वास बघतात. माहेरी गेला असाल तर तिथल्या आशाताईंना कळवा. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध केली. तिथे बालमृत्यू कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आशाताईंची फेरी हलक्यात घेऊ नका.

यातले काहीही दिसले तर लगेच निघा

आईसाठी:
- तासाभरात पॅड पूर्ण भिजणे किंवा मोठ्या गाठी जाणे
- १००.४ किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणे
- टाक्यांतून पू, वाढती लाली, जखम उघडणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणे
- दम लागणे, छातीत दुखणे, एका पोटरीला सूज
- तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणे, झटके (गरोदरपणात रक्तदाब नसला तरी)
- लघवी न होणे, पोट फुगत जाऊन उलट्या होणे

बाळासाठी:
- दूध न ओढणे, सुस्त पडणे, झटके
- अंग तापणे किंवा गार पडणे
- शांत असताना मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे
- तळहात-तळपाय पिवळे होणे, बेंबीभोवती लाली किंवा पू

निघायची तयारी आजच

१०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये ठेवा. वाडीतली कोणाची गाडी रात्री मिळेल, ते आधीच बोलून ठेवा. घरात रेंज नसेल तर फोन कुठून लागतो हे सगळ्यांना माहीत हवे. कार्ड, आधार, थोडे पैसे, बाळाचे कपडे एका पिशवीत ठेवा. निर्णय घेणारा माणूस शेतावर किंवा पुण्याला असेल तर त्याच्या परवानगीसाठी थांबायचे नाही, हे आजच ठरवा. सासूबाई असोत की आई, जी घरात असेल तिने बाळंतिणीला घेऊन निघावे.

मनाचे आणि पुढचे

पहिले काही दिवस रडू येणे, चिडचीड होणे साधारण आहे. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तो आजार आहे, नाटक नाही. डॉक्टरांना भेटा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्या. दोन्ही एकत्र नको, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. सहा आठवड्यांनी तपासणीला या, पाळणा लांबवण्याबद्दल तेव्हा विचारा. पाळी आली नाही तरी दिवस जाऊ शकतात. पुढचे मूल हवे असेल तर निदान दोन वर्षे जाऊ द्या, म्हणजे गर्भाशयावरचा व्रण भक्कम होतो. पुढचे बाळंतपण नैसर्गिक होईल की नाही हे तेव्हा डॉक्टर ठरवतील, पण ते ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवे.

शंका आली आणि ठरवता येत नसेल, तर निघा. तपासून सगळे ठीक निघाले तर फेरी वाया गेली असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही.